गाडीच्या ब्रेकचा आवाज आणि नवे पार्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढची उत्तरं पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (फिरणारा डबा, ज्याला आतून लायनर घासतात) असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान अशाच असतात. चारही चाकांना डिस्क असेल तर ड्रमचा भाग सोडून द्या.

आवाज नेमका कसा आहे ते सांगताच येत नाही. मेकॅनिकला काय सांगू?

नकला करायच्या भानगडीत पडू नका. गॅरेजात येणारा प्रत्येक जण चीं, कर्र, खर्र करून दाखवतो. मेकॅनिक मान डोलावतो, पण त्यातून त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. त्याला उपयोग होतो तो ‘कधी’चा. ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता? गाडी गार असताना, की तासभर चालल्यावर? वेग वाढला की आवाजही भराभर येतो का? वळताना वाढतो का? रिव्हर्सला येतो का?

एक सोपी युक्ती आहे. एसी आणि गाणी बंद करा, काचा खाली करा आणि एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला समांतर २०-३०च्या वेगाने जा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूचा आहे ते कळतं. मग उलट दिशेने जाऊन दुसरी बाजू ऐका. हे चार-पाच मुद्दे चिठ्ठीवर लिहून नेलेत तर गॅरेजवाला आधी हसेल, पण चाक बरोबर तेच उघडेल.

सकाळी गाडी काढली की पहिले दोन-तीन ब्रेक कर्रकर्र करतात, मग सगळं शांत. घाबरायचं का?

नाही. डिस्क बिडाची असते. बिडाचा तवा घासून तसाच ओला ठेवला तर सकाळपर्यंत तांबूस होतो, तसंच डिस्कचं होतं. पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर एका रात्रीत गंजाचा पातळ थर चढतो आणि पहिल्या काही ब्रेकमध्ये पॅड तो घासून काढतात. रत्नागिरी-मालवणकडे खाऱ्या हवेत तर पाऊस नसतानाही हे होतं.

मात्र गाडी तीन-चार आठवडे उभी असेल तर गंज खोल जातो. पाच-सात किलोमीटर चालवूनही आवाज गेला नाही, किंवा पॅडचा ठसा डिस्कवर काळ्या पट्ट्यासारखा उमटलेला दिसला, तर दाखवून घ्या.

ब्रेक दाबला की ‘चीं’ असा बारीक, टोचणारा आवाज येतो. पॅड संपले का?

संपले असतील किंवा नसतीलही. या एका आवाजाची कारणं बरीच आहेत आणि सगळ्यात जास्त पैसे याच आवाजावर वाया जातात.

आधी संपल्याची शक्यता. बऱ्याच पॅडच्या पाठीमागच्या पत्र्याला स्प्रिंगसारखी छोटी लोखंडी पट्टी असते. पॅडचा मसाला (डिस्कवर घासला जाणारा थर) झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळायला लागते. तिला त्याचसाठी बसवलेलं असतं. हा आवाज पुष्कळदा ब्रेक न दाबताही येतो, दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो, आणि दिवसेंदिवस वाढत जातो. स्वस्त पॅडना ही पट्टीच नसते, म्हणजे सूचना न देताच काम आटोपतं. काही महागड्या गाड्यांमध्ये पट्टीऐवजी सेन्सरची वायर असते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तिथे पॅडबरोबर वायरही नवी लागते.

आता न संपल्याची शक्यता. शाळेत फळ्यावर खडू मध्येच किंचाळायचा तेव्हा सर काय करायचे आठवतं? खडू मोडून अर्धा करायचे, आवाज बंद. खडू फळ्याला धरतो, सुटतो, धरतो, सुटतो आणि हे सेकंदात हजारो वेळा झालं की चीं ऐकू येतं. पॅड आणि डिस्कचंही हेच. म्हणूनच चांगल्या पॅडच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, मधोमध खाच असते आणि पाठीला कंप शोषणारा शिम चिकटवलेला असतो. शिम गळून पडला, मेकॅनिकने ‘याची गरज नसते’ म्हणत काढून टाकला, किंवा पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झाला, की भरपूर मसाला शिल्लक असूनही आवाज येतो.

गॅरेजात यावर हमखास उपाय असतो: पॅड काढायचे, घासपेपर मारायचा, परत बसवायचे. आठवडाभर शांतता मिळते. मीही दोनदा त्याचे पैसे भरले आहेत. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मेकॅनिकने पॅडऐवजी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या सांगाड्याच्या, पिना काढून दाखवल्या. एक पीन गंजून जाम झाली होती, हाताने हलेना. पिना साफ करून योग्य ग्रीस लावल्यावर तेच जुने पॅड पुढे वर्षभर गप्प चालले.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतोय. सर्व्हिसिंग पुढच्या आठवड्यात आहे, तोवर चालवू का?

नको. ब्रेक दाबल्यावर जाडाभरडा कर्रर्र आवाज आणि पायाला खरखर जाणवत असेल तर मसाला संपून पाठीचा पत्रा डिस्कला लागतोय. ब्रेक कमी लागतोच, शिवाय डिस्कवर चर पडतात आणि पॅडवर भागलं असतं तिथे डिस्कचाही खर्च येतो. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या.

अपवाद एकच, आणि तो माझ्यावर गुदरलेला आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामावरच्या खडीतून जाताना संगमेश्वरच्या अलीकडे पुढच्या डाव्या चाकातून असा भयानक आवाज सुरू झाला की लोक वळून बघायला लागले. ब्रेक दाबला तरी तोच, सोडला तरी तोच. एका पंक्चरवाल्याने चाक काढलं, डिस्कच्या मागच्या पातळ पत्र्याला स्क्रू ड्रायव्हरने जरासा रेटा दिला आणि हरभऱ्याएवढा खडा खाली पडला. डिस्क आणि तो पत्रा यांच्यात अडकला होता. खडीच्या रस्त्यानंतर अचानक आवाज सुरू झाला असेल तर आधी मोकळ्या जागेत गाडी हळूच थोडी मागे-पुढे करून बघा. कधी कधी खडा आपणच पडतो.

ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकली.

‘वाकली’ हा शब्द सगळे वापरतात, पण सहसा डिस्क वाकलेली नसते. तिची जाडी गोलाकार फिरताना कुठे कमी, कुठे जास्त झालेली असते, किंवा पॅडचा मसाला एका जागी चिकटलेला असतो. दर फेऱ्याला पॅड त्या उंचवट्यावरून जातो आणि ती थरथर हातापर्यंत येते. स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा पुढची चाकं. फक्त सीट आणि पेडल थरथरलं तर मागच्या ड्रमवर संशय घ्या. ब्रेक न लावताही ८०-९०च्या पुढे स्टिअरिंग हलत असेल तर ब्रेकच्या मागे लागू नका, आधी व्हील बॅलन्सिंग करा.

नवी डिस्क घालूनही थरथर परत येते तेव्हा दोष बऱ्याचदा हबचा असतो. डिस्क जिथे बसते त्या तोंडावर गंजाची खपली राहिली, तर डिस्क केसभर तिरकी बसते. हा तिरकेपणा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असला तरी पुरतो: काही हजार किलोमीटरमध्ये जाडी असमान होते. डिस्क बदलताना ‘हब वायर ब्रशने साफ करून घ्या’ एवढं एक वाक्य उभं राहून सांगा.

डिस्क लेथवर घासून घेऊ की नवीच टाकू?

हे मोजून ठरवायचं. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. घासून झाल्यावर उरणारी जाडी त्याच्या वर राहत असेल तर टर्निंग चालेल, नाहीतर नवी. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकू शकते. एका सर्व्हिस सेंटरमध्ये मला ‘दोन्ही डिस्क गेल्या’ असं सांगितलं. ‘किती जाडी भरली?’ विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मोजलंच नव्हतं.

मोजण्यातही गंमत आहे. झिजलेल्या डिस्कला बाहेरच्या कडेला उभा काठ राहतो. साधा व्हर्नियर त्या काठावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. दोन्ही बाजूंना, काठाच्या आत, एकेक नाणं ठेवा, नाण्यांसकट मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. झालं.

मागच्या चाकातून आवाज येतो, पण तिथे तर ड्रम आहे?

ड्रममधले आवाज वेगळे असतात. बारीक घर्रघर्र बहुधा आत साठलेल्या भुकटीची असते. आपल्याकडची धूळ आणि लायनरची भुकटी मिळून आत पीठ साठतं. दर सर्व्हिसिंगला ड्रम उघडून साफ केला तर पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. साफ करताना हवेचा प्रेशर मारू देऊ नका आणि फुंकर तर अजिबात नको. बिननावाच्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो आणि ती भुकटी छातीत जाणं वाईट. ओलं फडकं किंवा ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरायला सांगा.

पावसाळ्यात दुसरी तक्रार: सकाळी गाडी हलवताना मागून ‘खट’ आवाज येऊन चाक सुटतं. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला की ओलसर लायनर ड्रमला चिकटतो, गंज त्याला आणखी पकडतो. सपाट जागा असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड किंवा वीट लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

खड्ड्यातून जाताना पुढे खडखड होते आणि ब्रेकवर पाय ठेवला की बंद होते.

मग बरंच निदान झालं. पॅड त्यांच्या जागेत सैल आहेत किंवा कॅलिपरच्या पिना झिजल्यात. पॅड धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या छोट्या क्लिपा स्वस्त असतात, पण पॅड बदलताना जुन्याच परत बसवल्या जातात. ब्रेक दाबूनही खडखड तशीच राहिली तर सस्पेन्शनकडे बघा: लिंक रॉड, बॉल जॉइंट, बुश.

वेग वाढला की घूंऽऽ असा आवाज वाढतो. ब्रेकच का?

बहुधा व्हील बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर हलकं डावं-उजवं वळण घेऊन बघा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं. तेव्हा घुमणं वाढलं तर उजवं बेअरिंग. उजवीकडे वळताना वाढलं तर डावं.

जोरात ब्रेक मारला तर पेडल पायाला धडधड मारतं आणि खर्रर्र येतं.

एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करतंय. भारतात एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. पाय काढू नका, दाबून ठेवा. गाडी सुरू करून निघताना पहिल्या काही मीटरवर एकदा ‘टक’ होतं, तेही त्याचंच, स्वतःची तपासणी. साध्या हलक्या ब्रेकलाही धडधडायला लागलं तर चाकाचा सेन्सर तपासा.

पॅड किती उरलेत ते घरी बघता येतं का?

येतं, पण अर्धवट. अलॉय व्हील असेल तर टॉर्च मारून फटीतून बाहेरचा पॅड दिसतो. मसाला तीन मिलिमीटरच्या खाली, म्हणजे साधारण एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा उरला की बदलायची वेळ. नवा साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो.

अडचण अशी की आतला पॅड बाहेरून दिसत नाही, आणि एका पिस्टनच्या (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) कॅलिपरमध्ये आतलाच आधी झिजतो. पिना जाम असतील तर बाहेरचा सात मिलिमीटर आणि आतला पत्र्यावर, असंही निघतं. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, चाक काढून दोन्ही बघा. जॅक लावण्याआधी चाकांना दगड लावा, दारांखालच्या कडेच्या (सिलच्या) खाली स्टेपनी आडवी सरकवा आणि फक्त जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात घालू नका.

एकाच बाजूचा पॅड झिजलाय. एकच बदलला तर चालेल?

नाही. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, जोडीनेच. नाहीतर ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते. आणि एकच बाजू जास्त का झिजली त्याचा शोध घ्या, नाहीतर नवी जोडीही तशीच झिजेल.

कंपनीचे पॅड, बाहेरचे नावाजलेले, की सिरॅमिक?

शहरात ऑफिस-घर आणि महिन्यातून एकदा गावी, एवढंच असेल तर गाडीच्या कंपनीचे पॅड डोळे मिटून घ्या. पिना, पिस्टन, शिम, आवाज, सगळं त्या गाडीवर जुळवलेलं असतं. टीव्हीएस गर्लिंग, रानेसारख्या नावांचे पॅडही चांगले असतात आणि सहसा थोडे स्वस्त पडतात.

मसाल्याचे ढोबळ तीन प्रकार धरा. ऑरगॅनिक मऊ आणि शांत, पण लवकर झिजतो आणि फार तापला की पकड सैल होते. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचे तंतू असतात, उष्णता चांगली सोसतो, भरलेल्या गाडीने वारंवार घाट उतरणाऱ्यांना बरा, पण आवाज थोडा जास्त आणि डिस्कही जास्त खातो. सिरॅमिक शांत, रिमवर काळी पूड कमी, किंमत जास्त. ‘सिरॅमिक म्हणजे गाडी लवकर थांबते’ हा काउंटरवरचा प्रचार आहे. रोजच्या वापरात तुम्हाला फरक दिसेल तो मुख्यतः स्वच्छ रिमचा.

काही पॅडच्या कडेवर एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर गार असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वरचा, ई त्याच्या खालचा. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड कमी होते. घाटातल्या माणसाने ते बघूनच घ्यावं.

पुण्याच्या नाना पेठेत तोच पॅड निम्म्या किमतीत मिळतो. घ्यावा का?

नाना पेठेत चांगली जुनी दुकानं आहेत आणि मीही तिथून माल आणतो. पण ‘ओरिजिनल’ म्हणून निम्म्या किमतीत मिळणाऱ्या डब्याला हात लावत नाही. खोक्याची छपाई पुसट, होलोग्राम नखाने निघणारा, पॅडच्या पाठीवर पार्ट नंबर किंवा बॅच नंबर नाही, मसाल्याच्या कडा भुरभुरीत, शिम नाहीच: यातली एकही गोष्ट दिसली तर परत करा. पक्कं बिल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला, तर तेही एक उत्तरच.

पार्ट मागताना गाडीचं मॉडेल आणि साल पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल-डिझेलला किंवा वर्षाच्या मध्येच वेगळा कॅलिपर येतो. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर द्या, आणि जुना पॅड नव्याशेजारी ठेवून आकार जुळवल्याशिवाय गॅरेज सोडू नका.

पॅडबरोबर आणखी काय बदलावं?

क्लिपा. पिनांचे रबरी बूट फाटले असतील तर ते. पिनांना ब्रेकचं खास सिलिकॉन ग्रीस लागतं. साधं ग्रीस रबर फुगवतं. आणि ब्रेक ऑइल.

ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, म्हणून गाडी कमी चालली तरी दर दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पाणी शोषल्यावर हा आकडा १५५पर्यंत खाली येऊ शकतो. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४मध्ये मिसळत नाहीत. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ वेगळं आहे. आणखी एक: पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप उतरते. ती बघून वरून ऑइल भरलं, तर नवे पॅड बसवताना ते उतू जातं आणि बॉनेटखालचा रंग उडवतं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

नवे पॅड टाकले तरी आवाज! फसवलं का?

थोडं थांबा. नवे पॅड डिस्कशी जुळायला वेळ लागतो. गॅरेजातून निघण्याआधी उभ्या गाडीत पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिलं पेडल थेट तळाला जातं. हे विसरून गेटलाच गाडी ठोकणारे पाहिलेत. मग मोकळ्या रस्त्यावर ५०-६०वरून १५पर्यंत मध्यम ब्रेक, पंधरा-वीस वेळा, दोन ब्रेकमध्ये डिस्क गार व्हायला वेळ देत. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक टाळा. त्यानंतरही चीं चालूच असेल तर शिम, क्लिपा, पिना, याच क्रमाने तपासायला लावा.

घाट उतरताना जळका वास आला आणि पेडल मऊ पडलं.

कराडकडून कुंभार्ली उतरताना हे मी अनुभवलंय, पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड आणि ऑइल दोन्ही तापतात. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, म्हणून पेडल आत जातं पण ब्रेक लागत नाही. खालचा गिअर टाका, जागा मिळताच बाजूला घ्या, चाकांना दगड लावा आणि अर्धा-पाऊण तास चहा प्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडकू शकते. नंतर ऑइल बदलाच, पेडल पुन्हा ठीक वाटलं तरी. साधा नियम: ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा.

पंक्चर काढल्यापासून आवाज यायला लागला.

मग आधी त्याच चाकाकडे बघा. चाक काढताना डिस्कच्या मागचा पत्रा वाकून डिस्कला लागला असेल. तो हाताने सरळ होतो. नाहीतर नट. न्यूमॅटिक गनने एकेक करून आवळले की चाक आणि डिस्क तिरकी बसतात. नट सैल करून, समोरासमोरचे अशा क्रमाने, थोडे थोडे पान्याने आवळून घ्या आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.